एकेचाळीस नावांचं फोल्डर

१

मंगळवारी सकाळी आर्णीच्या शेतकरी सल्ला केंद्रातल्या कॉम्प्युटरमधून एकेचाळीस माणसं नाहीशी झाली. त्यांतली चार आधीच वारली होती. बाकीची कपाशीवर फवारलेल्या औषधानं आजारी पडून दवाखान्यात खेटे घालत होती. त्यांची नावं, दवाखान्याचे कागद, बाटल्यांचे फोटो, सगळं 'फवारणी' नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवलेलं होतं. शुक्रवारी अकरा वाजता जिल्ह्याहून समिती येणार होती, ती हेच बघायला.

दुपारपर्यंत दोषी सापडलाही. संगीता आडे या केंद्रातल्या मुलीनं सोमवारी मशीनवरचं लिनक्स अपग्रेड केलं आणि मंगळवारी फोल्डर गायब झालं. लोकांनी तेवढ्यावर निकाल लावून टाकला. संगीता जवळच्या बंजारा तांड्यावरची. तिथल्या लोकांनी आपल्या घरचे कागद तिच्या तोंडाकडे बघून दिले होते, केंद्राच्या पाटीकडे बघून नव्हे. आता तांड्यावर कुणी म्हणत होतं की पोरगी फितली, कुणी म्हणत होतं की तिला मशीन कळतच नव्हती. दोन्हींत तिचं उरत काहीच नव्हतं.

मी पद्मजा. यवतमाळच्या तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाले. स्वभाव तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि लोक काही वेळा बरोबर असतात. बुधवारी संध्याकाळी मला अनंतरावांचा फोन आला. हे केंद्राचे सचिव, शेतकी खात्यातून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. दोन हजार नऊ साली मी सरकारी नोकरांसाठी संध्याकाळचा लिनक्सचा वर्ग घेतला होता, त्यात ते पहिल्या बाकावर बसायचे. वयानं माझ्याहून मोठे, तरी अजून मला मॅडम म्हणतात.

"मॅडम, फक्त दोन ओळी लिहून द्या," ते म्हणाले. "अपग्रेडमध्ये माहिती नष्ट झाली, परत मिळणं शक्य नाही. समितीला तज्ज्ञाचा दाखला लागतो. पोरीवर कारवाई करायची नाही हो मला, बिचारी आहे. घरबसल्या दिलात तरी चालेल."

"न बघता सही करायची सवय मला लागली असती, तर मी प्राचार्य झाले असते," मी म्हणाले. "उद्या येते."

गुरुवारी सकाळच्या एसटीनं आर्णीला उतरले. दोन हजार सतराचा ऑक्टोबर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी पुरुषभर उंच उभी होती आणि बसमध्ये सगळे त्याच एका विषयावर बोलत होते: बोंडात अळी, अळीवर औषध, औषधानं माणूस आडवा. माझ्या शेजारच्या बाईनं तर हे इतक्या सवयीच्या आवाजात सांगितलं की मला तिचा राग आला, आणि मग माझाच आला.

केंद्रात अनंतरावांनी चहा मागवला आणि एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. मजकूर पूर्ण होता. खाली माझं नाव, हुद्दा, तारीख. फक्त सहीची जागा मोकळी होती.

मी तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि विचारलं, "मशीन कुठे आहे?"

२

मशीन आतल्या खोलीत होती. चपला बाहेर काढायच्या, हा तिथला नियम. दुसरा नियम भिंतीवर लिहिलेला होता: 'कॉम्प्युटर बंद करू नये. फक्त स्क्रीन बंद करावी.' जुनी मशीन सुरू व्हायला पंधरा मिनिटं घेते, म्हणून तिला झोपूच द्यायचं नाही. इन्व्हर्टर होताच. लॉगिनही सगळ्यांना मिळून एकच. सचिव असोत, शिपाई असो, शेजारचा दुकानदार असो, सगळे त्याच नावानं आत शिरायचे. अशा ठिकाणी चोर शोधायचा म्हणजे गावच्या विहिरीवर घागर कुणी बुडवली ते शोधण्यासारखं आहे.

संगीता खुर्चीवर न बसता खुर्चीमागे उभी होती. पंचविशीची, सडपातळ, दोन दिवस जेवली नसावी असा चेहरा.

"काय होतं ते दाखव," मी म्हणाले.

तिनं पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला, क्षणभर थांबला, आणि पुन्हा तीच पासवर्डची चौकट समोर आली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

"चुकीचा टाकून बघ."

"चुकीचा टाकला तर चुकीचा म्हणते मॅडम. बरोबर टाकला तर बाहेर काढते. मंगळवारपासून असंच करून राह्यली."

"अपग्रेड आत्ताच का काढलंस? समिती दाराशी आलेली असताना?"

"मी कायले काढू? सायेबाचा रविवारी फोन आला, समिती यायच्या आधी मशीन नवी करून ठेव म्हणे. मी म्हटलं, पह्यले कॉपी करू द्या. पेनड्राइव्हचा अर्ज केलता मी जुलैत. तो मंजुरीले आहे अजून."

"फोल्डर गेल्याचं कसं कळलं? आत तर जाता येत नाही."

"काळ्या पडद्यावरून गेलती मी. तिथून जाता येते."

पोरीला मशीन कळत होती. चित्रांचा डेस्कटॉप उघडत नसला, तरी एका कळीच्या जोडीनं नुसत्या अक्षरांचा काळा पडदा येतो, तिथे पासवर्ड चालतो. तिथे जाऊन तिनं पाहिलं, तर फोल्डर नव्हतं. ते फोल्डर तिनं कुलूपबंद करून ठेवलं होतं. म्हणजे त्याची मालकी तिनं रूटला देऊन टाकली होती. रूट हा लिनक्सचा खरा मालक. बाकीचे सगळे भाडेकरू. रोजच्या लॉगिननं ते फोल्डर वाचता यायचं, पण पुसता यायचं नाही.

"एवढं कुलूप कशासाठी?"

"कोनाचं बोट कुठं पडते, काय सांगता येते?" ती म्हणाली.

मी खुर्चीत बसले, काळा पडदा उघडला आणि लॉगिनच्या घरातल्या लपलेल्या फाइलींची यादी काढली. प्रत्येक ओळीत फाइलीचं नाव, मालकाचं नाव आणि तारीख असते. डेस्कटॉप उघडायला ज्या एका छोट्या फाइलीत लिहावं लागतं, ती फाइल भाडेकरूच्या घरात होती, पण तिच्यापुढे मालक म्हणून रूट लिहिलेलं होतं. म्हणून मशीन माणसाला ओळखत होती, पण आत घेऊ शकत नव्हती. स्वतःच्याच घराची एक किल्ली दुसऱ्याच्या खिशात गेली होती.

ही गोष्ट अपग्रेड करत नाही. हे माणसाच्या हातून होतं, आणि एकाच प्रकारे होतं. मी त्या ओळीतल्या तारखेवर बोट ठेवलं.

"अपग्रेड कधी सुरू केलंस?"

"सोमवारी. दहा वाजता."

"हे शनिवारी दुपारी झालंय," मी म्हणाले.

३

दुरुस्ती एका ओळीची होती. फाइलीची मालकी परत भाडेकरूला दिली, पासवर्ड टाकला, आणि दोन दिवस बंद असलेला डेस्कटॉप काहीच न झाल्यासारखा उघडला. संगीता माझ्या खांद्यावरून बघत होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

'फवारणी' खरंच नव्हतं.

"कचराकुंडी पाहिलीस?"

ती म्हणाली, "काळ्या पडद्यावर पुसलं का कायमचं जाते. कचराकुंडीचं ध्यानातच नाई आलं मॅडम."

कचराकुंडीत फोल्डर होतं. एकेचाळीसच्या एकेचाळीस नोंदी. आणि लिनक्सची कचराकुंडी प्रत्येक टाकलेल्या वस्तूसोबत एक चिठोरा ठेवते: कुठून उचललं, कधी टाकलं. शनिवार, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं.

मी फोल्डर जागेवर ठेवलं आणि दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. पेनड्राइव्ह माझे. मंजुरी नको होती. संगीता खाली फरशीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिला रडू दिलं. मला सांत्वन जमत नाही.

मग नोंदी वाचायला घेतल्या. शेवटची नोंद शामची होती. वय चोवीस, दुसऱ्यांच्या शेतात रोजानं फवारणी करणारा, संगीताच्या मामाचा मुलगा. सप्टेंबरात फवारून आला, डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, तिसऱ्या दिवशी गेला. त्याखाली संगीतानं चार ओळी लिहिल्या होत्या, त्या मी दोनदा वाचल्या. कोणती दोन औषधं एकत्र करायची, ही केंद्राची सल्ला चिठ्ठी अनंतरावांच्या हातची. बाटल्या बाबारावांच्या दुकानातल्या. पंप गुलाबसिंग यांचा, पाठीवर गळणारा. चिठ्ठी तांड्यावर नेऊन शामच्या हातात देणारी संगीता आडे.

बाबाराव म्हणजे शेजारचे औषध-बियाण्यांचे दुकानदार. केंद्राची जागाही त्यांचीच. गुलाबसिंग केंद्राचा शिपाई, त्याच तांड्यावरचा. म्हणजे या खोलीत ऊठबस असलेली चारही माणसं त्या एका पानावर होती. पान नाहीसं व्हावं असं चौघांनाही वाटू शकत होतं, आणि एकटं ते पान गेलं असतं तर बोट सरळ चौघांकडे गेलं असतं. म्हणून चाळीस जणांना त्याच्यासोबत कचऱ्यात टाकलं होतं.

"शनिवारी दुपारी तीन वाजता तू कुठे होतीस?" मी विचारलं.

संगीतानं डोळे पुसले. "तांड्यावर. मामीच्या दाराशी."

"मामीनं पाहिलं तुला?"

"मामीनं दार नाई उघडलं," ती म्हणाली. "कोनीच नाई पाह्यलं."

४

फोल्डर सापडल्याचं कुणाला सांगायचं नाही, असं तिला बजावून मी बाहेर आले.

गुलाबसिंग पायरीवर तंबाखू मळत होता. पन्नाशीचा, पांढरा फेटा, खाली मान.

"किल्ली कुणाकडे असते?"

"कोनाकडेच नाई न् सगळ्याइकडे," तो म्हणाला. "बाबारावच्या दुकानात खिया आहे, त्याले लटकवतो. ज्याले लागन त्यानं नेवाव."

"शनिवारी?"

"शनिवारी मी सकाळी उघडून झाडू मारला न् किल्ली लटकवून तांड्यावर गेलो. मॅडम, एक इचारू का? त्या फायलीत माह्या पंपाचं लिव्हलं आहे न?"

"तुला कसं ठाऊक?"

"संगीतानं वाचून दाखवलं मले. म्हणे, काका, तुमचं लिव्हलं, माहंबी लिव्हलं. मी म्हटलं, लिव्ह. पंप गळत होता हे खरंच आहे. मीच देल्ला त्याले." त्यानं तंबाखू मळणं थांबवलं आणि हात तसाच धरून बसला. "मशीनचं मले काय समजते? मी पासवर्ड टाकतो न् पेपराच्या बातम्या पाहतो. बस."

बाबाराव गल्ल्यावर बसले होते. मागच्या फळ्यांवर रंगीत बाटल्या ओळीनं मांडलेल्या. माणूस बोलका आणि घाबरलेला.

"मले बदनाम करून काय भेटते लोकाइले? मी डॉक्टर आहो का? चिठ्ठी घेऊन येते माणूस, मी बाटली देतो. सायेबाचं अक्षर पाह्यलं का मी इचारत नाई काही."

"शनिवारी दुपारी दुकानात होतात?"

"शनिवारी लाइन गेलती ना, दोन ते साडेचार. अख्खं मार्केट बंद. बिल निंघत नाई, काय करू बसून? अर्धं शटर टाकून घरी जेवाले गेलतो न् झोपलो. चार वाजता आलो तं भिंतीपल्याड तुमच्या केंद्राच्या इन्व्हर्टरचा आवाज येऊन राह्यला होता. मले वाटलं, संगीता असन."

"किल्ली खिळ्याला होती?"

"पाह्यलं नाई बाप्पा. मले काय मालूम, किल्लीवर माहा जीव अटकन म्हणून." जरा थांबून त्यांनी आवाज उतरवला. "खरं सांगू का मॅडम? मले आनंदच झालता, फाइल गेली म्हटल्यावर. पण मी नाई केलं. मले त्या मशीनवर पत्रिका छापता येते, बाकी काहीच येत नाई."

अनंतराव त्यांच्या टेबलाशी समितीच्या स्वागताची यादी करत होते. मी समोर बसले.

"पोरीनं अपग्रेड आत्ताच का काढलं असेल?" मी सहज विचारलं.

"हट्ट. मी नको म्हणत होतो. या मुलांना नवीन दिसलं की राहवत नाही."

"शनिवारी तुम्ही इकडे होतात का?"

"छे, शनिवारी मी यवतमाळलाच, घरी. दिवसभर बाहेरसुद्धा पडलो नाही. आणि कुणी आलं असतं तरी काय करणार? दुपारभर लाइट नव्हती इथे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, झाली का सही? मला त्यातलं आता काही आठवत नाही हो. तुमचा वर्ग केला, पण सगळं विसरलो."

मी म्हटलं, "एक शेवटचं बघायचंय. तुम्ही पण आत या."

५

चपला बाहेर काढून आम्ही दोघं आत गेलो. संगीताला मी बाहेर थांबायला सांगितलं. मशीनवर ज्या ओळी टाइप केल्या जातात, त्यांची नोंद मशीन ठेवते. मी ती उघडून त्यांच्यापुढे केली.

"ह्या सगळ्या संगीताच्या ओळी," मी म्हणाले. "बघा. ती फाइल हलवते, पुसते, कुलूप लावते, सगळं अक्षरांनी. डेस्कटॉपच्या खिडकीची तिला गरजच पडत नाही. हे फोल्डर तिला संपवायचं असतं, तर एक ओळ पुरे होती. कचराकुंडीत काही उरलं नसतं, कुठली मालकी बदलली नसती, डेस्कटॉप अडला नसता. आणि मुळात स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिणारी मुलगी ते पुसायला सहा आठवडे कशाला थांबेल? लिहिलंच नसतं की."

अनंतराव पडद्याजवळ वाकले.

"गुलाबसिंगला आणि बाबारावांना रूट म्हणजे काय, तेच ठाऊक नाही. त्यांनी फोल्डर पुसायला घेतलं असतं, तर मशीननं परवानगी नाही म्हटलं असतं आणि ते परत गेले असते. म्हणजे ज्याला रूट व्हायचं कळतं, पण अक्षरांनी काम करायला भीती वाटते, असा माणूस हवा. तो काय करतो? एक ओळ टाइप करतो, रूट होऊन फाइलींची खिडकी उघडतो, आणि माउसनं उचलून कचऱ्यात टाकतो. काम होतं. पण रूटनं भाडेकरूच्या घरात खिडकी उघडली की घरातल्या एक-दोन छोट्या फाइली रूटच्या नावावर होऊन बसतात. त्याच वेळी काही कळत नाही. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत सगळं नीट चालतं, आणि ही मशीन तर कधी बंदच होत नाही. सोमवारच्या अपग्रेडनं ती बंद होऊन सुरू झाली आणि दार अडलं. सगळ्यांना वाटलं अपग्रेडनं केलं. तुम्हालाही तेच हवं होतं. दार अडेल, हे मात्र तुम्हाला ठाऊक नव्हतं."

मी त्या यादीतली एक ओळ दाखवली. संगीताच्या ओळींच्या मध्ये ती एकटी पडली होती.

"असं कुणी करू नये. कुठल्याही पुस्तकात हे करू नका म्हणून लिहिलेलं असतं. पण दोन हजार नऊ साली एका शहाण्या बाईनं आपल्या वर्गाला हेच शिकवलं होतं. अडलं की रूट व्हा आणि खिडकी उघडा, डोकं खाऊ नका. सरकारी माणसांना अक्षरं जमत नाहीत, म्हणून सोपं करून दिलं होतं. त्या वर्गातला आर्णीत कोण आहे, अनंतराव?"

मला हे सांगताना अजून लाज वाटते. चोराच्या हाताचा ठसा म्हणून मी जे ओळखलं, ती माझीच शिकवण होती.

"ती ओळ कुणीही—" त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली.

"आर्णीची लाइन शनिवारी दोन ते साडेचार गेली होती. यवतमाळच्या घरात बसून तुम्हाला ते कळलं. अपग्रेड नको म्हणत होतात, आणि रविवारी फोन करून करायला लावलंत, त्या फोनची नोंद संगीताच्या मोबाइलवर आहे. आणि माझ्या सहीचा कागद मी मशीन बघायच्या आधीच टाइप झालेला होता."

ते स्टुलावर बसले. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं, तो काही केल्या सुरू होत नव्हता.

"बत्तीस वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या मी," ते म्हणाले. "माझ्या चिठ्ठीनं पीक वाचलं म्हणून लोक घरी भाजी आणून द्यायचे. ते मिश्रण पत्रकात छापलेलं होतं, मी मनानं नाही लिहिलं. हातमोजे घाला, तोंडाला बांधा, हे लिहायचं राहिलं. गर्दी होती त्या दिवशी. एवढंच राहिलं, मॅडम."

"मग तेच समितीला सांगायचं."

"समिती शामचं पान वाचेल. त्यात पोरीचंही नाव आहे. तिला वाचवायचंय ना तुम्हाला? मग पान राहू दे कचऱ्यात. दोघंही वाचतो."

"तिला वाचवायला तुम्ही तिच्याच डोक्यावर फोडलंत? ती बिचारी आहे म्हणालात तुम्ही मला फोनवर. तुमची ही कळवळ्याची भाषा ऐकून मला मळमळतं, अनंतराव."

त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं नाही. नंतर वाटलं, पण तेव्हा नाही.

"कचराकुंडी रिकामी का नाही केलीत?" मी शेवटी विचारलं. "एक बटण होतं."

"हात धजला नाही," ते म्हणाले. "एकेचाळीस माणसं होती त्यात."

मी सहीचा कागद पर्समधून काढला आणि त्यांच्यासमोर फाडला. म्हटलं, "फोल्डर परत आलंय. उद्या समितीला जाईल, शामच्या पानासकट. तुम्ही एकच करायचं. तांड्यावर जायचं, शामच्या आईच्या, रुक्माबाईच्या दारात उभं राहायचं आणि सांगायचं की फोल्डर संगीतानं नाही, तुम्ही टाकलं होतं."

"जातो," अनंतराव म्हणाले.

६

ते गेले नाहीत.

शुक्रवारी समिती आली. तीन साहेब, एक बाई, दोन गाड्या. पेनड्राइव्ह घेतला, पोच दिली, चिवडा खाल्ला. अनंतराव आले नव्हते. प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा, असं पत्र त्यांनी गुलाबसिंगच्या हाती पाठवलं होतं. एका साहेबांनी विचारलं, मधे माहिती गेली होती म्हणे? मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते मान डोलावत होते, आणि लिहिताना त्यांनी लिहिलं: 'अपग्रेडमुळे तांत्रिक अडचण, तज्ज्ञांच्या मदतीने निराकरण.' मी म्हटलं, हे चूक आहे. ते म्हणाले, मॅडम, या रकान्यात एवढंच मावतं. मी माझ्या हातानं दोन पानं वेगळी लिहून सहीनिशी जोडली. ती त्यांनी फाइलीत सगळ्यांत मागे लावली.

मग मी संगीताला म्हटलं, चल, मी सांगते तुझ्या मामीला. दुपारच्या ऑटोनं आम्ही तांड्यावर गेलो. तांड्याच्या तोंडाशी संगीता ऑटोतून उतरली आणि तिथल्या शेडखालीच थांबली.

"मी नाई येत मॅडम. तुम्ही जा. तुमचं ऐकन थे."

रुक्माबाई ओसरीवर बसून बोंडं फोडत होती. चांगला कापूस एका पाटीत, किडका दुसऱ्या पाटीत. किडक्याची पाटी भरत आली होती. शाम गेल्यावर काढलेल्या बांगड्यांच्या जागी हातांत फिकट पट्टे उरलेले. तिनं मला बाज दाखवली, आत जाऊन पाणी आणून दिलं आणि पुन्हा बोंडं घेतली.

मी सगळं सांगितलं. शिकवायची सवय आहे, त्यामुळे नीट, क्रमानं सांगितलं. मशीन काय आहे, कुलूप काय होतं, शनिवार, तीन बारा, साहेब. संगीताचा काही दोष नाही, तिनं उलट सगळं सांभाळून ठेवलं होतं, हे दोनदा सांगितलं. मला माझ्या उकलीचा थोडा अभिमानही वाटत होता, तो आवाजात आला असणार.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थे मले मालूमच होतं बाई."

"काय ठाऊक होतं?"

"संगीतानं नाई केलं म्हणून. थे असं करनच नाई. लहानपनापासून पाह्यली मी तिले. लोक म्हणत होते, मी एकाचंबी ऐकलं नाई."

"मग तिच्याशी बोलत का नाही? दार का नाही उघडत?"

रुक्माबाईनं हातातलं बोंड फोडलं, आत बघितलं आणि किडक्या पाटीत टाकलं.

"चिठ्ठी तिनं आणली ना," ती म्हणाली. "शाम गेला त्याच दिवशी येऊन सांगतलं तिनं मले, पायावर डोकं ठेवून. माह्या पोरानं सायबाची चिठ्ठी कधी मानली नाई. चुलीत घालाचा. म्हणे, खुर्चीवर बसून लिव्हते थो, त्याले काय मालूम वावरातलं? ह्या टायमाले मानली. कायले? का संगीतानं आणली. मले, आपल्या मायले म्हणे, याडी, ताईनं आणली तं खरीच असन." तिचे हात थांबले नाहीत. "दुसऱ्या कोनी आणली असती तं थो वाचला असता. तिचा दोष नाई, हे मलेबी समजते बाई. पण तिचं तोंड पाह्यलं का मले थे चिठ्ठीच दिसते. मी काय करू?"

दोन दिवस मी ज्या कोड्यापायी जिवाचं रान केलं, ते या घरात कुणी विचारलंच नव्हतं. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि उठले. रुक्माबाईनं नमस्कार केला, पुन्हा या म्हणाली.

शेडखाली संगीता उभीच होती. मला येताना बघून दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

"सांगतलं मॅडम?"

"सांगितलं."

"मी नाई केलं, हे पटलं तिले?"

"पटलं."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला बघवेना. तिनं चपलेचा अंगठा नीट केला, पदर सावरला आणि तांड्याकडे तोंड केलं.

"मंग जाऊ मी? बलावलं का तिनं?"

एकतीस वर्षांत मी एकाही विद्यार्थ्याला खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"आज नको," मी म्हणाले. "ती कामात आहे."